डोंगरीवर खान होती

माझी एक वाईट सवय आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं माफ करायला तुम्हाला सोपं जाईल. मी लोकांची भाषा सुधारतो. नोकरीभर एका कचेरीत बसून मी दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे तपासले. हातात लाल पेन, नाकावर चष्मा आणि समोर कुणाची तरी चुकलेली वेलांटी. निवृत्तीच्या दिवशी पेन परत केलं, सवय मात्र घरी घेऊन आलो. भाजीवाल्याची पाटी, सोसायटीची नोटीस, लग्नाची पत्रिका, माझ्या तावडीतून काही सुटत नाही. एकदा बायकोनं फ्रिजवर चिकटवलेल्या यादीतली 'कोथींबिर' मी शुद्ध करून ठेवली. त्या दिवशी आमटी कोथिंबिरीशिवाय झाली, आणि तीही मी स्वतः केलेली.

मूळचा मी देशावरचा. वसईत फ्लॅट घेऊन तीस वर्षं झाली, तरी इथल्या काही गावांच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो, तो मला भातातल्या खड्यासारखा लागायचा. पानी. लोनी. कोन. मी तो खडा लगेच उचलून ताटाबाहेर ठेवायचो. पाणी. लोणी. कोण. समोरचा म्हणायचा, "हां, तेच," आणि पुन्हा 'पानी' म्हणायचा. माझ्याबरोबर सकाळी फिरायला वटार गावच्या एक बाई असतात. जुन्या ख्रिस्ती घरातल्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, घरची केळीची वाडी. या तरी आपल्या बाजूच्या, असं समजून एकदा मी त्यांच्याकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "सर, आम्ही घरी आमची बोली बोलतो, शाळेत शाळेची. वह्या तपासायला लाल पेन ठीक. माणसं काय वह्या आहेत?"

मी तेव्हा हसलो होतो. का हसलो होतो, देव जाणे.

तर झालं असं, की मुलीनं आम्हा दोघांना परदेशात नेलं. तिच्या त्या मोठ्या शहरात मधोमध एक टेकडी आहे आणि टेकडीवर जुनी वस्ती. तिथं म्हणे पूर्वी चित्रकार, गवई, मूर्तिकार असे सगळे फाटके कलाकार राहायचे. आता जगभरातले धडधाकट लोक धापा टाकत तिथं चढतात आणि फाटके लोक कुठं राहायचे ते बघतात. भिंतीभिंतीवर पाट्या. इथं अमका राहायचा, इथं तमका उपाशी झोपायचा. चौकात बसलेल्या एका चित्रकाराकडून मी स्वतःचं चित्रही काढून घेतलं. ते हुबेहूब माझ्या सासूबाईंसारखं आलं. बायकोनं ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. म्हणाली, "आईचा एकही चांगला फोटो नव्हता घरात."

पण ती टेकडी डोक्यात बसली ती बसलीच. परत आल्यावर मी जेवताना, दात घासताना एकच बोलायचो. आपल्या वसई-विरारला काय कमी आहे? किल्ला आहे, समुद्र आहे, केळी आहेत. कलाकारांची टेकडी तेवढी नाही!

बायको म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला चढ चढायला सांगितलाय ना? मग एक-एक डोंगर चढत जा. एखाद्यावर सापडतील कलाकार."

आणि खरंच सापडले.

आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर एक बुटकी डोंगरी आहे. तिला वेगळं नाव नाही, सगळे नुसतं डोंगरीच म्हणतात. खालून बघितली तर चार ताडाची झाडं आणि मोबाइलचा टॉवर दिसतो, म्हणून तीस वर्षांत कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. पायऱ्या काळ्या दगडाच्या, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला वेलबुट्टी कोरलेली. मी चौथ्या पायरीवर थांबलो. बायकोला वाटलं, दम लागला. दमही लागला होता, पण वेलबुट्टीच्या आडून मला तो नीट लपवता आला.

वर वीस-पंचवीस कौलारू घरं. एकाच्या अंगणात तुळशीवृंदावनाला टेकून दगडी क्रूस उभा, दोन्ही एकाच हातानं घडवल्यासारखे. एका ओटीवर खुंटीला क्लॅरिनेट टांगलेला, शेजारी छत्री. एका पडवीत रंगाचे डाग पडलेली जमीन, आणि त्या डागांत निळा इतका, की एखादा मोर तिथं अंग पुसून गेला असावा. पश्चिमेला नारळाच्या शेंड्यांवरून राजोडीच्या समुद्राची बारीक पट्टी, पूर्वेला आमच्या बिल्डिंगांची गर्दी. माझ्या अंगावर काटा आला. मी बायकोला म्हणालो, "सापडली!" ती म्हणाली, "हळू. कुत्रं उठेल."

कुत्रं उठलंच. त्याच्यामागून एक म्हाताऱ्या बाई आल्या, नऊवारी कासोटा, हातात तांब्या. आम्ही पुढं त्यांना काकी म्हणायला लागलो.

"पानी घ्या," त्या म्हणाल्या.

"पाणी," मी म्हणालो.

"हां, तेच. पानी."

मी पाणी प्यालो आणि विचारलं, "काकी, एवढे कलाकार या डोंगरीवर जमले कसे?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू समुद्राला पाणी कुठून आलं हेच मी विचारलंय. "खान होती ना."

"खान?"

"मग! मोठी खान. ती होती म्हनून सगळे आले. पाथरवट आले, त्यांची पोरं बँड शिकली, कोन मूर्त्या रंगवाया लागला. सगळं खानीचंच देनं."

चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. मला दोन महिने लागले. आयुष्यभर लोकांचा 'न' मी न मागता 'ण' करून दिला. जिथं तो करायला हवा होता, त्या एकाच ठिकाणी माझं लाल पेन वाळलं. मला वाटलं, खान. कुणी मोठे खानसाहेब. उस्ताद. परदेशातल्या टेकडीवर नव्हते का, तसे!

"कसे होते हो खान?" मी विचारलं.

"लय खोल," काकी म्हणाल्या. "तळ कोनाला लागला नाय."

मी वही काढली. लिहिलं: अत्यंत खोल व्यक्तिमत्त्व. थांग कुणालाही लागला नाही.

"पावसात खान भरली, की चार महिने इथं नुसतं गानं-बजावनं," काकी रंगात आल्या होत्या. "आनि पोरं शाळा बुडवून तिच्यातच डुंबलेली."

लिहिलं: पावसाळ्यात मैफल भरे. चातुर्मास संगीत. तरुण पिढी त्यांच्यात आकंठ बुडालेली.

खाली उतरताना बायको म्हणाली, "त्या 'होती' म्हणत होत्या. आणि 'तिच्यातच' म्हणाल्या."

"अगं, बोली आहे. इथं लिंगाचं काही खरं नसतं," मी म्हणालो. हा शोध मी त्याच पायरीवर लावला होता.

"मग काका अंगणात आले तेव्हा 'आली' म्हणाल्या का त्या?"

मी पायऱ्यांवरची वेलबुट्टी बघायला लागलो.

काकांबद्दल सांगायचं राहिलं. काकींचे यजमान, ऐंशीच्या घरातले, डोंगरीवरचे शेवटचे पाथरवट. अंगणातला क्रूस आणि वृंदावन त्यांचंच. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी थडग्यांवरची नावं, देवळांच्या पायऱ्यांवरची नावं, विहिरींवरची नावं त्यांच्या हातची. मी म्हणालो, "काका, क्रूसही तुम्हीच, तुळसही तुम्हीच?" त्यांनी तळवे पुढं केले. "हाताला धर्म कुठला सायेब? हाताला घट्टे." अलीकडे सगळी अक्षरं मशीनवर होतात, म्हणून त्यांच्या छिन्न्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेल्या होत्या. त्याचं त्यांना फार दुःख असावं असंही वाटलं नाही. अभिमानाची एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "आजवर दगडात एक अक्षर चुकलो नाय. कागदावर चुकलं तर फाडता येतं. थडग्यावर चुकलं तर मेलेला मानूस काय उठून बोलनार हाय?"

मी ठरवलं. टेकडी म्हटलं की पाटी हवी. या डोंगरीवर खानसाहेबांच्या नावाचा दगड लावायचा, काकांनीच तो कोरायचा, आणि रविवारी आमची सगळी सोसायटी घेऊन मी इथं फेरी काढायची. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं माळ्याकडे बघितलं. पण दुसऱ्या दिवशी गेलो, तर माळ्यावरचं फडकं अंगणात उलगडलेलं आणि काका छिन्नीच्या धारेवरून अंगठा फिरवत बसलेले. काकी आतून म्हणाल्या, "रातभर नाचलाय म्हातारा." काका म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरा नाचतो."

मजकूर मी स्वतः लिहून नेला. 'या डोंगरीवर खानसाहेब होते. ते होते म्हणून इथे कला होती.' लिहून झाल्यावर तो मी स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला होता.

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "सायेब कशाला? आमी नुसतं खानच बोलतो."

मी गहिवरलो. खरा मोठा माणूस हा! ज्याला साहेब लावावं लागत नाही! मी 'साहेब' खोडला. काका माझ्याकडे जरा नवलानं बघत होते. आता कळतं, हा देशावरचा गडी दगडाच्या खड्ड्यालासुद्धा साहेब म्हणतो, म्हणजे कचेरीत किती भिऊन राहिला असेल, असंच त्यांच्या मनात आलं असणार.

काकांच्या कामाच्या दोन रीती होत्या. अर्धं कोरलेलं अक्षर ते कुणाला दाखवत नसत, त्यामुळे दगडावर दोन महिने गोणपाट. आणि दुसरी रीत अशी, की शेवटचं टिंब, पूर्णविरामाचं, ते स्वतः पाडत नसत. "सगळी अक्षरं माझी," ते म्हणाले, "पन टिंब ज्याचा दगड त्यानं पाडायचं. थडगं असलं तर पोरगा पाडतो, विहीर असली तर घरधनी. त्याबिगर दगड त्याचा होत नाय. माझ्याच अंगनात पडून राहतो."

"म्हणजे हे टिंब मी पाडायचं?"

"तर काय खान पाडनार?"

आम्ही दोघंही मनापासून हसलो. दोघं दोन वेगळ्या गोष्टींना हसत होतो, एवढंच.

रविवार उजाडला. सोसायटीतली तीसेक माणसं टोप्या, बाटल्या घेऊन पायऱ्या चढली. वटारच्या बाईंनी टोपलीभर सुकेळी, म्हणजे घरच्या वाडीतली वाळवलेली केळी, आणली होती, ती प्रत्येक वळणावर वाटत होत्या, त्यामुळे चढण गोड झाली. वर डोंगरीची सगळी माणसं जमलेली. बँडमधले तीन म्हातारे खुंटीवरची वाद्यं उतरवून, कॉलरची बटणं लावून उभे. क्लॅरिनेटवाल्यानं सूर काढला, तो आधी जरा खोकला आणि मग असा काही मोकळा झाला, की आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी टेकून ठेका धरायला लागल्या. काका धुतलेला पांढरा सदरा घालून, हातात एक बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन दगडाशेजारी उभे होते. टिंबासाठी. गोणपाट काढून काकांनीच दगडावर मी घरातून आणलेलं कापड टाकलं होतं.

"ती माझी नवी शाल आहे," बायको कुजबुजली.

"समारंभ आहे," मी म्हणालो.

मग मी बोललो. वीस मिनिटं. खानसाहेब कुठून आले हे इतिहासाला ठाऊक नाही, असं मी म्हणालो, कारण मला ठाऊक नव्हतं. "पण मित्रहो, ते खोल होते!"

"लय खोल!" बँडवाल्यांतला ढोलवाला मोठ्यानं म्हणाला. डोंगरीकरांनी माना डोलावल्या.

मला स्फुरण चढलं. "त्यांचा तळ कुणाला लागला नाही!"

"कोनालाच नाय!"

"पावसाळ्यात इथं जे भरायचं, त्यात ही सगळी मंडळी लहानपणी आकंठ बुडालेली आहेत!"

"आमी रोज!" क्लॅरिनेटवाला म्हणाला. "चड्डीवर!"

हे जरा खटकलं. पण कलाकार माणूस, साधनेला वेशभूषेचं काय, असं मी स्वतःला समजावलं.

"उनाळ्यात मात्र अर्धी आटायची," ढोलवाल्यानं भर घातली.

"उन्हाळ्यात आवाज बसायचा," मी माझ्या लोकांसाठी भाषांतर केलं. इतका दाद देणारा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता. माझं वाक्यन् वाक्य त्यांना पटत होतं. पटणारच. माझं वाक्यन् वाक्य खरं होतं, फक्त माणसाबद्दल नव्हतं.

मी शाल ओढली.

अक्षरं अशी देखणी, की आधी कुणी वाचलंच नाही, नुसतं बघितलं. काळ्या दगडात पाण्यानं कोरल्यासारखी, गोल, भरीव. मग बायकोनं मोठ्यानं वाचलं. "या डोंगरीवर खान होती. ती होती म्हणून इथे कला होती."

मग मागून आमच्या सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "अहो, तुमचे खानसाहेब बाई होते का?"

तीस माणसं हसली. माझे कान तापले. आणि मग मी ते केलं. आजवर केलेल्या चुकांची मी हसत-हसत गोष्ट सांगत आलोय, पण ही सांगताना अजून हसू येत नाही. मी हात वर करून, मोठ्या मनानं म्हणालो, "शांत व्हा. कारागिराची चूक झालेली दिसते. वय झालंय त्यांचं. समजून घ्या."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हातातली बारीक छिन्नी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, वळले, आणि घरात गेले. काकींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच होता. तो त्यांनी खाली ठेवला, क्रूसाच्या पायथ्याशी, आणि म्हणाल्या, "चूक? तुमच्याच कागदात तीन ठिकानी चूक होती. 'खान होते' लिहिलं होतं तुमी. म्हातारा बोल्ला, शिकलेला मानूस हाय, बोललो तर लाजेल. गुपचूप सुधारून देतो."

तेवढ्यात वटारच्या बाईंना हसू फुटलं. त्या अशा हसायला लागल्या, की टोपली शेजारच्यांकडे द्यावी लागली. डोळे पुसत त्यांनी काकींना विचारलं, "काकी, आहे कुठं ती?"

"कोन? खान? ती काय, मागेच."

आम्ही सगळे घरांच्या मागं गेलो. करवंदीच्या जाळीपलीकडे डोंगरीचा अर्धा भाग खणून काढलेला, उभे कातळ, कातळावर छिन्नीच्या जुन्या रेघा, आणि खाली हिरवंगार, निवांत पाणी. एक खंड्या पक्षी त्यावरून सरळ रेघ मारून गेला. अर्ध्या वसईच्या पायऱ्या, जोती, क्रूस या खड्ड्यातून निघाले होते. पावसात ती पाण्यानं भरली की दगड काढता यायचा नाही. चार महिने हात रिकामे, म्हणून कुणी क्लॅरिनेट उचलला, कुणी ब्रश. खाण होती म्हणून कला होती. काकींनी पहिल्या दिवशीच मला सगळं सांगितलं होतं, पाण्याच्या तांब्यासकट.

"खाण," वटारच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "सर, नेमका हाच एक 'न' तुम्ही सुधारायचा विसरलात."

बायकोनं माझ्या खांद्यावर आपली शाल टाकली, मला थंडी वाजत असल्यासारखी. वाजतच होती.

मी काकांच्या घरात गेलो. ते जमिनीवर बसून छिन्न्या एकेक करून तेलाच्या फडक्यात गुंडाळत होते. बारीक छिन्नी आधीच गुंडाळली गेली होती. मी दारातच बसलो.

"काका, चूक माझी. मला वाटलं, खान म्हणजे कुणी माणूस."

त्यांचे हात थांबले. "मानूस?"

"गवई. उस्ताद. खानसाहेब."

"म्हनून सायेब लिहिलं होतं?"

"म्हणून."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण लगेच सरळ झाला. "तुमची चूक हाय ते मला ठाऊक हाय. मला सांगू नका. मला तुमी एकट्याला बोल्ले नाय, चारचौघांत बोल्ले. ही मानसं आता खाली जातील. बोलतील, शेवटचा दगड म्हाताऱ्यानं चुकवला."

आणि फडक्याची गाठ मारायला लागले. गाठ बसली असती तर तो दगड टिंबाशिवाय राहिला असता. कुणाचाच नसलेला.

मी उठलो. खाणीच्या काठावर सगळे सुकेळी खात उभे होते. मी एका मोठ्या दगडावर चढलो, पाय घसरला, ढोलवाल्यानं कमरेला धरलं, आणि तसाच धरून ठेवलं. "मंडळी," मी म्हणालो, "दगड बरोबर आहे. काका बरोबर आहेत. तीन ठिकाणी मी चुकलो, तिन्ही ठिकाणी त्यांनी मला सुधारलं. आता मी माझं भाषण पुन्हा करतो, दुरुस्त करून."

आणि केलं. ओळीओळीनं. "खोल होती. ही बघा. तळ कुणाला लागला नाही, बादली सोडून बघा. उन्हाळ्यात आवाज बसायचा नाही, पाणी अर्धं आटायचं. आणि हे गृहस्थ लहानपणी साधना करत नव्हते, चड्डीवर पोहत होते." प्रत्येक वाक्याला लोक असे हसत होते, की खंड्या दोनदा उडाला. सेक्रेटरीणबाईंना ठसका लागला. "आणि यात सर्वांत मोठा गाढव कोण, ते मी सांगत नाही, कारण तो तुम्ही बघताच आहात."

"कोन नाय, कोण!" मागून वटारच्या बाई ओरडल्या. मी 'कोण'च म्हणालो होतो. पण आता ऐकतंय कोण?

टाळ्या थांबल्यावर माझ्यातला मेला तो मसुदेतपासनीस एकदा वळवळलाच. मी वटारच्या बाईंना हळूच म्हणालो, "तरी पण दगडावर 'खाण' असं, ण..." त्यांनी माझ्याकडे बघितलं ते चाळीस वर्षं वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघितलेल्या नजरेनं. "सर. हा दगड तपासायचा नाही."

दगडाजवळ आलो, तर काका तिथं उभे होते. सगळं ऐकलं असणार, खाण मोठ्यानं बोललेलं सगळं परत देते. हातात पुन्हा ती बारीक छिन्नी.

"बसा," ते म्हणाले. "हातोडी अशी धरा. हळू. एकच घाव."

मी बसलो. सगळे भोवती जमले. क्लॅरिनेटवाल्यानं श्वास रोखला. काकांनी माझं मनगट धरून छिन्नी 'होती'च्या पुढं टेकवली आणि हात सोडला. मी घाव घातला. छिन्नी सरकली. टिंब जिथं हवं होतं त्याच्या बोटभर खाली, तिरकं, आणि वाटाण्याएवढं मोठं पडलं. शेजारी एक टवकाही उडाला.

काका वाकले, टिंबाची धूळ फुंकली, चष्मा सरळ करून नीट बघितलं. मग हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. काकी म्हणाल्या, "बघा, आता म्हातारा तीन दिवस झोपनार नाय." बँडनं काहीतरी लग्नातलं सुरू केलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी काठी बाजूला ठेवली.

आता दर महिन्याला एका रविवारी आम्ही ती फेरी काढतो. खानसाहेबांचा किस्सा मी पायऱ्या चढतानाच सांगून टाकतो, दम लागलेला त्यात लपतो. वर पोचल्यावर लोक दगड वाचतात, अक्षरांवरून बोटं फिरवतात, आणि शेवटी बोट त्या वाटाण्यात अडकतंच. "काका, अक्षरं एवढी सुंदर, मग हे टिंब असं का?"

काका ओटीवरून उठत नाहीत. आजवर दगडात एकही अक्षर न चुकलेला तो माणूस चहाची बशी खाली ठेवतो आणि गर्दीत मी कुठं लपलोय ते बोटानं दाखवतो.